कुल्फीवाल्याने आणलेला डोस

बर्फात जाडं मीठ घातल्याशिवाय जो गारवा तयार होतो, त्याला भूपाल मगदूम थंडी म्हणायलाच तयार नसत. फ्रिजला ते ‘कपाट’ म्हणत. कुरुंदवाडच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांनी घातलेलं कुल्फीचं दुकान होतं. २०४३ साल उजाडलं, शेजारच्या दुकानांत यंत्रं ऑर्डरी घेऊ लागली, तरी मगदुमांची कुल्फी अजून लाकडी पिंपात, पत्र्याच्या साच्यांत आणि त्यांच्याच हाताखाली गोठत होती. गाव त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला, त्रिशलाबाईंना, अक्का. नवराबायकोला गावानं भाऊबहीण करून ठेवलं होतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर अशा माणसाच्या हातात एके दिवशी औषधाची पेटी पडली. त्याचं असं झालं.

दिवाळीनंतर अक्कांच्या यकृतात गाठ निघाली. पूर्वी असं काही निघालं की माणसं मुंबईची वाट धरत आणि निम्मी तिथल्या वाटेनंच खचत. आता गावातच उपचार केंद्र झालं होतं. तिथल्या डॉक्टर निलोफर सनदी पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या, आणि समोरच्याला कळेपर्यंत हार न मानणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून घेतलं.

“अण्णा, जखमेवर ओतल्यावर फस्सकन फेस येतो, असं एक औषध असायचं बघा.”

“असायचं की. गुडघा फुटला की आई वतायची. लई चरचरायचं.”

“ते हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्या रक्तात कॅटलेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. तो फेस म्हणजे ऑक्सिजन. आता गंमत ऐका. कॅन्सरची गाठ म्हणजे घाईघाईनं वाढलेली वस्ती. रस्ते धड नाहीत, हवा खेळत नाही, पेशी मात्र ठासून भरलेल्या. त्यांच्यातून हेच पेरॉक्साइड बाहेर पडतं, चांगल्या जागेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून आम्ही वाळू ज्या पदार्थाची असते त्याच पदार्थाची पोकळ कवचं बनवतो. इतकी बारीक की एका केसाच्या जाडीत सात-आठशे ओळीनं बसतील. त्यांच्या पोटात कॅटलेज भरायचं आणि ती रक्तात सोडायची. कवचाला भोकं असतात. पेरॉक्साइड आत जातं, पण एन्झाइम बाहेर सांडत नाही, आणि शरीरातले रसही त्याला खाऊ शकत नाहीत.”

“मग हुतं काय?” अक्कांनी विचारलं. पोट त्यांचं होतं, पण प्रश्न त्यांनी शेजारणीच्या घरचं विचारावं तसा विचारला.

“मग गाठीत ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात. सोनोग्राफीत बुडबुडा पांढराशुभ्र चमकतो. गाठ कितीही बारीक असली तरी आपली जागा स्वतःच दाखवते. आणि दुसरा फायदा त्याहून मोठा. हवा नसलेल्या पेशीवर किरणोपचार नीट चालत नाही. ऑक्सिजन आला की तेच किरण दुपटी-तिपटीनं काम करतात. म्हणून बुडबुडे दिसले की त्याच टेबलावर, त्याच वेळी, किरण सोडायचे.”

अण्णा विचारात पडले. मग म्हणाले, “म्हंजे चोराला आधी शिट्टी गिळवायची, आनि वाजली की धरायचा.”

“आणि धरला की तिथंच बदडायचा,” डॉक्टर म्हणाल्या, आणि तिघंही हसली. गाठ निघाल्यापासून मगदुमांच्या घरातलं माणूस पहिल्यांदाच हसलं होतं.

या बुडबुड्यांनी गावाची बोलण्याची रीतही बदलून टाकली होती. पूर्वी आजाराचं नावसुद्धा कुजबुजत घेणारी माणसं आता भाजी घेताघेता विचारत, “आवो, बुडबुडं किती ऱ्हायलं?” पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीची भीती वाटते खरी, पण ती निदान मोजता तरी येते. अक्कांचा पांढरा ढग पहिल्या खेपेला लिंबाएवढा होता. दुसऱ्या खेपेला आवळ्याएवढा झाला, तिसऱ्या खेपेला सुपारीएवढा आणि चौथ्या खेपेला वाटाण्याएवढा. दर वेळी अण्णा घरी येऊन जिन्याच्या भिंतीवर खडूनं तेवढाच गोल काढत. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: शेवटी उरतात त्या पेशी सगळ्यांत चिवट असतात. बुडबुडे दिसेनासे झाल्याशिवाय थांबायचं नाही. आणि दिसेनासे झाले की उपचार बंद, पुढची तपासणी थेट सहा महिन्यांनी.

अक्कांनी मनाशी वेगळाच हिशोब मांडला होता. त्यांच्या महिला मंडळाच्या बायका महावीर जयंतीला सम्मेद शिखरजीला निघाल्या होत्या. झारखंडातला पारसनाथाचा तो डोंगर, जैनांचं मोठं तीर्थ, सत्तावीस किलोमीटरची चाल. चाळीस वर्षं अक्का ‘पुढच्या साली’ म्हणत आल्या होत्या, कारण उन्हाळा तोंडावर आला की दुकान सोडून जायचं कसं? या साली त्यांनी नाव घातलं होतं. बुडबुडे गेले की निघायचं.

पाचव्या डोसाच्या दिवशी अवकाळी वारं सुटलं. डोस दर वेळी रुग्णाच्या रक्तावरून मिरजेच्या प्रयोगशाळेत ताजा तयार होई आणि ड्रोननं कुरुंदवाडला येई. त्या दिवशी ड्रोन उडणार नव्हते. डोस चार तासांच्या आत पोचायला हवा होता.

“त्यात काय एवढं?” अण्णा म्हणाले. “माझा टेम्पो हाय की.”

मिरजेला त्यांच्या हातात एक छोटी पेटी देण्यात आली. आत बोटाएवढी कुपी, कुपीवर हिरवी चिकटपट्टी, पेटीच्या झाकणावर आकडा. तिथल्या बाईंनी सांगितलं, “दोन ते आठ अंशांमध्ये राहिलं पाहिजे. गरम झालं तर पट्टी लाल होईल. पेटी वाजली तर आम्हाला फोन करा, उघडू नका.” अण्णांनी मान हलवली. आकडा सात दाखवत होता. सात! सात अंशांत कुल्फीचा साचा ठेवला तर तासाभरात आत खीर होते.

जयसिंगपूरच्या अलीकडे झाड पडून रस्ता अडला. ऊन मी म्हणत होतं. आकडा आठ झाला, मग नऊ, आणि पेटी टीं टीं करू लागली. आत त्रिशलाचं औषध होतं, आणि ते अण्णांच्या डोळ्यांदेखत तापत होतं. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे तापत चाललेली वस्तू वाचवायची. मागं टेम्पोत पिंप होतं. पिंपात बर्फ होता, पोत्यात जाडं मीठ होतं. फोन करायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी पेटी उघडली, पट्टी अजून हिरवीच होती, कुपी एका कोऱ्या साच्यात घातली, झाकण लावलं, बर्फात मिठाच्या दोन मुठी जास्त टाकल्या आणि साचा खोल पुरला.

झाड हटलं, आणि पाऊण तासानं कुरुंदवाडात साचा उघडला तेव्हा कुपी दगडासारखी घट्ट झाली होती. अण्णांना धन्य वाटलं. पेटीतनं काढली म्हणून कुणी ओरडू नये, म्हणून त्यांनी ती मुठीत धरून पातळ केली, पुसली आणि परत पेटीत ठेवली. पट्टी हिरवीगार होती. केंद्रातल्या कांबळे सिस्टरांनी पट्टी बघितली आणि डोस दिला.

पडद्यावर एकही बुडबुडा उठला नाही.

डॉक्टर सनदींनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. मग त्यांनी अक्कांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “अक्का, काही दिसत नाही. जा शिखरजीला.”

त्या दिवशी अण्णांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी कुल्फी पोचवली. भिंतीवरच्या चार गोलांपुढं त्यांनी पाचवा काढला नाही, नुसती हाताएवढी जागा मोकळी सोडली आणि तिच्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. अक्का माळ्यावरची बॅग काढून झटकत होत्या आणि फोनवर मंडळाच्या सगळ्या बायकांशी एकाच वेळी बोलत होत्या. इतका सुखाचा दिवस अण्णांच्या आठवणीत दुसरा नव्हता.

रविवारी दुपारी डॉक्टर सनदी स्वतः दुकानात आल्या. अण्णांनी त्यांना पिंपाशेजारी खुर्ची दिली आणि खास मलईचा साचा काढला. डॉक्टरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“किती गार आहे हो! नुसत्या बर्फानं?”

“नुसत्या बर्फानं काय हुतंय? मीठ पायजे, मॅडम. बर्फ एकटा शून्यावर थांबतोय. मीठ पडलं की उणे पंधरा, उणे अठरा. हात घातला तर बोटं धरतील.”

डॉक्टर हसल्या. “बाप रे. म्हणजे आमचं एन्झाइम तुमच्या पिंपात मेलंच असतं.”

अण्णांच्या हातात दुसरा साचा होता. तो तसाच राहिला. “मेलं म्हंजे?”

“एन्झाइम म्हणजे एक लांबलचक धागा असतो, ठरावीक घडी घातलेला. त्या घडीमुळंच ते काम करतं. गोठलं की घडी मोडते. नंतर पातळ केलं तरी ती पुन्हा बसत नाही. कवचंही एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. उष्णतेनं बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. थंडीनंही बिघडतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या पट्टीलासुद्धा फक्त उष्णता कळते.”

“आनि समजा,” अण्णा पिंपात बघत म्हणाले, “असलं मेलेलं कुनाला दिलं तर? अपाय?”

“अपाय काही नाही. पाणी टोचल्यासारखं. काहीच दिसणार नाही.” डॉक्टरांनी कुल्फीचा शेवटचा घास घेतला. “अक्कांची तयारी झाली का?”

आतून अक्काच बाहेर आल्या, अंगावर नवी पांढरी साडी लावून बघत. “मॅडम, चालायला ही बरी का सुती बरी?”

अण्णांनी हातातला साचा पिंपात परत टाकला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टर गेल्या, गिऱ्हाइकं आली आणि गेली, आणि अण्णा प्रत्येकाला उलटसुलट साचे देत राहिले. एकाला वेलदोड्याची मागितली तर केशराची मिळाली. अण्णांचा चेहरा बघून त्यानं ती तशीच खाल्ली.

ते स्वतःला नाना परीनं समजावत होते. लिंबू, आवळा, सुपारी, वाटाणा, मग काहीच नाही. हे काय खोटं होतं? गाठ खरोखरच गेली असेल. त्रिशला बारा दिवसांत परत येईल, मग सावकाश सांगता येईल. तोवर तिनं डोंगर चढून घेतलेला असेल. चाळीस वर्षं तिनं वाट बघितली होती, आणि ती वाट आपल्या पिंपानंच अडवली होती. आता पुन्हा आपणच अडवायची? पण लगेच त्यांना डॉक्टरांचं बोलणं आठवे, की शेवटी उरतात त्याच चिवट असतात. सहा महिने कुणी बघणारसुद्धा नाही.

सोमवार असाच गेला. अण्णांनी दूध आटवायला ठेवलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते करपवलं.

मंगळवारी सकाळी अक्का बॅग भरत होत्या. गाडी मिरजेहून गुरुवारी होती. सुती साड्या, औषधांचा डबा, गुडघ्याला लावायचा पट्टा, लाडूंचा डबा. “डोली करायची न्हाई,” त्या बोलत होत्या. “पायानं चढायचं, बसत बसत. सुमतीबाई म्हनत्यात दहा तास लागतील. लागूद्यात की! मला कुठं घाई हाय?”

“त्रिशला,” अण्णा म्हणाले, आणि खाली जमिनीवर बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. झाड पडलं ते, पेटी वाजली ते, साचा, मीठ, मूठ, हिरवी पट्टी. मॅडम काय म्हणाल्या ते. सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

अक्का बॅगेच्या कडेला बसून राहिल्या. हातातली साडी त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. मग पुन्हा मोडली.

“चाळीस वर्सं गावाची कुल्फी केली,” त्या शेवटी म्हणाल्या, “आनि आता माझीबी केलासा व्हय?”

अण्णांना हसू आलं नाही. अक्कांनाही आलं नव्हतं.

“कळलं कवा तुम्हास्नी?”

“ऐतवारी.”

“आज काय हाय?”

“मंगळवार.”

तेव्हा मात्र अक्कांचा आवाज चढला. “दोन दिस? दोन दिस गिळून बसलासा? त्या पेटीचं मी काय म्हनत न्हाई. ते जिवापाड केलं तुम्ही, चुकलं तर चुकलं. पन पोट माझं हाय. त्यात काय हाय आनि काय न्हाई, ते मला आधी कळाय पायजे का तुम्हाला?”

“तू खुशीत हुतीस. माझ्यानं निघंना तोंडातनं.”

“खुशीत हुती! अवो, खोट्या खुशीत मला डोंगरावर धाडनार हुता?”

अक्कांनी डोळे पुसले, अण्णांकडे बघितलं, आणि तो खाली बसलेला, दोन दिवस दाढी न केलेला माणूस त्यांना दिसला. राग अजून होताच, पण त्याच्या शेजारी मायाही येऊन बसली.

“उठा,” त्या म्हणाल्या. “फोन लावा मॅडमना. आनि तुम्हीच सांगा, मी न्हाई सांगनार.”

अण्णांनी फोनवर दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पलीकडे डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “चूक माझीही आहे, अण्णा. कुल्फीवाल्याच्या हातात थंड ठेवायची वस्तू दिली आणि किती थंड ते नीट सांगितलं नाही. मी मिरजेला कळवते. उद्या सकाळी नऊला या.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “अक्कांना सांगितलंत?”

“तिनंच फोन लावाय लावला.”

“मग बरं आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

अक्कांनी दुसरा फोन स्वतः लावला. “सुमतीबाई, माझी जागा कुनाला तरी द्या. न्हाई, तब्येत बरी हाय. काम निघालंय.” फोन ठेवल्यावर त्या लाडूंचा डबा घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. अण्णा दाराशी उभे राहिले, पण आत जायचं धाडस त्यांना झालं नाही.

बुधवारी हवा स्वच्छ होती. ड्रोन वेळेवर आला. कांबळे सिस्टर पेटी घेऊन खोलीत आल्या तेव्हा अण्णा भिंतीला चिकटून उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागं बांधून. टेबलावर झोपलेल्या अक्कांनी ते बघितलं.

“जवळ आलासा तर चालतंय,” त्या म्हणाल्या. “फकस्त हात लावू नका कशाला.”

कुपी बिनगोठलेली, पाण्यासारखी पातळ होती. डोस गेला. डॉक्टरांनी पोटावर थंड जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर यकृत दिसू लागलं, राखाडी, धूसर, आपल्याच संथ लयीत वरखाली होणारं.

अण्णांच्या ओठांवर णमोकार मंत्र चालू होता. मनात मात्र एकच मागणं होतं, की काही दिसू नये. काही दिसलं नाही तर गाठ खरंच गेलेली होती, त्यांच्या हातून कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं, आणि टेम्पोत घालून त्रिशलाला उद्या मिरजेच्या गाडीवर सोडता आलं असतं. सुमतीबाईंनी जागा अजून कुणाला दिली नसेल. पाच मिनिटं गेली. सात गेली. पडदा राखाडीच राहिला. अण्णांनी धरून ठेवलेला श्वास हळूहळू सोडला.

नवव्या मिनिटाला यकृताच्या कडेशी एक पांढरा ठिपका उठला. मग त्याला लागून दुसरा. मग तिसरा.

डॉक्टरांचा हात थांबला. “आहे,” त्या म्हणाल्या. “मुगाएवढी. रक्तवाहिनीला अगदी खेटून बसलीये. सहा महिन्यांनी बघितलं असतं तर...” त्यांनी किरणांच्या यंत्राकडे वळून आकडे घालायला घेतले.

अण्णांना रडू फुटलं. आधी आवाज नव्हता, मग आवाजही आला. ते तीन ठिपके बघून त्यांना सहा महिने दिसले, शिखरजीचा डोंगर दिसला, भिंतीवरची मोकळी जागा दिसली, आणि त्या सगळ्यात हसत चालणारी त्रिशला दिसली, पोटात हे घेऊन. ते भिंतीला टेकून लहान पोरासारखे हुंदके देत राहिले.

अक्कांना हलायची परवानगी नव्हती. त्यांनी नुसते डोळे त्यांच्याकडे वळवले.

“अवो, रडताय कशाला?” त्या म्हणाल्या. “घावलं की ते.”

अण्णांनी तोंडावरून हात फिरवला आणि मान डोलावली, पण हुंदका काही थांबेना. तेव्हा अक्का छताकडे बघत डॉक्टरांना म्हणाल्या, “मॅडम, ह्यास्नी भाईर बसवा, आनि यंत्र चालू करा. आत हवा हाय तवर बदडून घ्या.”

कांबळे सिस्टरांनी अण्णांना दंडाला धरून बाहेरच्या बाकावर आणून बसवलं, आणि दार लावून घेतलं.